मायक्रोवेव्हशेजारचा कागद

आमच्या ऑफिसच्या किचनमध्ये मायक्रोवेव्हच्या शेजारी एक नोटीस बोर्ड आहे. त्यावर नेहमी तेच ते असतं. फायर ड्रिल कधी, फ्लूचं इंजेक्शन कधी, कुणाच्या तरी मुलीच्या गर्ल स्काउटच्या कुकीज घ्या वगैरे. २०२५ च्या नोव्हेंबरात एका सोमवारी तिथे अजून एक कागद लागला. त्यावर नाव कुणाचंच नव्हतं. हुद्दा होता, ऑफिसचा पत्ता होता, कामाची मुदत होती आणि वर्षाचा पगार होता, अगदी शेवटच्या डॉलरपर्यंत.

तो पगार माझा.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एच-वन-बी व्हिसावर माणूस ठेवायचा किंवा त्याची मुदत वाढवायची तर कंपनीला आधी कामगार खात्याकडे एक अर्ज भरावा लागतो. या माणसाला आम्ही या भागातल्या चालू दरापेक्षा कमी पगार देणार नाही, वगैरे वगैरे. आणि त्या अर्जाची सूचना कामाच्या जागी, लोकांना दिसेल अशा दोन ठिकाणी दहा दिवस लावावी लागते. हेतू चांगला आहे. शेजारी बसणाऱ्या अमेरिकन माणसाला कळावं की आपल्या पोटावर कुणी पाय देत नाहीये ना. पण आमच्या मजल्यावर एच-वन-बीवाला मी एकटाच. त्यामुळे नाव न लिहिण्याला तसा काही अर्थ नव्हता. आपल्याकडे लग्नात आहेराची यादी मोठ्याने वाचायचे ना, तसं वाटत होतं.

दुपारी डबा गरम करायला गेलो तर कागदासमोर आबा उभे. चष्मा कपाळावर सरकवून, नाक कागदाला लावून वाचत होते. मायक्रोवेव्हमध्ये त्यांचं सूप फिरत होतं.

"बरा देतात," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "माझ्यापेक्षा चार हजार जास्त."

टिंग वाजलं. सूप घेऊन गेले.

आबा म्हणजे आमचा सगळ्यात जुना माणूस, वय बासष्ट. हाडाचा ओहायोवाला, हाडाचा रिपब्लिकन. आबा हे अर्थात मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव, कारण त्यांची मिशी आणि बसायची पद्धत हुबेहूब आमच्या गावच्या आबांसारखी आहे. इंग्रजीत अहो-जाहो नाही ही एक मोठी सोय आहे, पण मनात मी त्यांना अहोच म्हणतो.

आमची ओळख २०१३ ची. तेव्हा मी या कंपनीत नवा होतो आणि जेवायला कुणाबरोबर बसायचं हा शाळेतल्यासारखा प्रश्न होता. आबा जेवायला त्यांच्या पिकअप ट्रकमध्ये जायचे, कारण दुपारी बारा ते तीन रेडिओवर रश लिंबॉ असायचा. एकदा मला म्हणाले, ये. तेव्हापासून मी पोळी-भाजी घेऊन त्या ट्रकमध्ये बसायला लागलो. ट्रकभर मेथीचा वास आणि रेडिओवर डेमोक्रॅट्सचा उद्धार. लिंबॉचं सगळं मला पटायचं असं नाही. माणूस तोंडाचा फाटका होता आणि खूपदा नुसताच दुष्टपणे बोलायचा. पण त्याच्यामुळे मी बाकीचे उजवे लोक वाचायला लागलो. शुक्रवारी चार्ल्स क्राउटहॅमरचा स्तंभ. थॉमस सोवेल. जुन्या 'नॅशनल रिव्ह्यू'मधली विल्यम बकलीची वाक्यं, जी मला तीनदा वाचावी लागायची.

आणि खरं सांगू का, मला तिथे घरच्यासारखं वाटलं. कर्ज काढून सण करू नका. सरकारने खर्च कमी करावा. मुलांना दोन आई-बाप हवेत. शाळेत अभ्यास हवा, लाड नकोत. हे सगळं मी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत लहानपणापासून ऐकत आलो होतो, फक्त तिथे त्याला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणत नव्हते, 'आईचं बोलणं' म्हणत.

बाहेरून येणाऱ्यांबद्दल या मंडळींचं एक ठरलेलं वाक्य होतं. आमचा विरोध बेकायदा येणाऱ्यांना, रांगेत उभं राहून येणाऱ्यांचं स्वागतच आहे. हे वाक्य मी तिकिटासारखं खिशात जपून ठेवलं होतं. मी रांगेतला. किती रांगेतला? माझ्या ग्रीनकार्डाच्या रांगेची तारीख आहे २०१७. कायदा म्हणतो की कुठल्याही एका देशाला नोकरीवरच्या ग्रीनकार्डांपैकी सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही. आइसलँडलाही सात, भारतालाही सात. त्यामुळे आइसलँडचा माणूस उठून जातो आणि आपण खुर्ची गरम करत बसतो. पण तक्रार नव्हती. रांग म्हणजे रांग. आम्ही रेशनच्या रांगेत वाढलेली माणसं.

या वाक्याच्या पोटात दोन वेगवेगळी घरं आहेत हे मला फार उशिरा कळलं. एक घर 'वॉल स्ट्रीट जर्नल'चं. त्यांच्या संपादकीय पानाने १९८४ सालच्या जुलैत चक्क सुचवलं होतं की सीमा खुल्या राहतील अशी एक घटनादुरुस्तीच करून टाका. रेगनचंही तेच घराणं. १९ जानेवारी १९८९ ला, म्हणजे कार्यकाळाचा शेवटचा दिवस उजाडायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला की फ्रान्समध्ये राहून तुम्ही फ्रेंच होत नाही, जपानात राहून जपानी होत नाही, पण जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस इथे येऊन अमेरिकन होऊ शकतो. दुसरं घर पॅट ब्युकॅननचं. १९९२ साली तो थोरल्या बुशविरुद्ध उभा राहिला, पडला, पण त्याचं म्हणणं पडलं नाही. त्याच वर्षी बकलीच्याच 'नॅशनल रिव्ह्यू'ने येणाऱ्यांचा एकूण आकडाच फेरविचारात घ्या असा लांबलचक लेख छापला. २००७ च्या जूनमध्ये धाकट्या बुशचं इमिग्रेशनचं मोठं विधेयक सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ५३ असं आपटलं, ते मुख्यतः रेडिओवाल्यांनी श्रोत्यांना फोन करायला लावले म्हणून. फोन इतके आले की सिनेटची यंत्रणा कोलमडली.

२००७ चा जून. तेव्हा मी कुठे होतो? हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तेव्हा मी पंचविशीतला. पुण्यातल्या एका सर्व्हिसेस कंपनीने मला अमेरिकेत पाठवलं, इथल्याच मिडवेस्टातल्या एका विमा कंपनीत. कामाचं नाव केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. आयटीतल्या लोकांना सांगायला नको. एका बाजूला काम येणारा माणूस, दुसऱ्या बाजूला काम घेणारा माणूस, मध्ये एक वही. माझ्या समोर एक बाई होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. पॉलिसीच्या नूतनीकरणाचे रात्रीचे बॅच जॉब त्यांनी वीस वर्षं सांभाळलेले. कुठला जॉब कुठल्या महिन्यात का पडतो हे त्यांना हवामानासारखं माहीत होतं. मी तीन महिने त्यांच्या शेजारी बसून लिहून घेतलं. दुपारी त्या मला त्यांच्या डब्यातले गाजराचे तुकडे द्यायच्या. चौथ्या महिन्यात त्यांची खुर्ची रिकामी.

मला माहीत होतं का? हो. सगळ्यांना माहीत होतं. आम्ही आपसात मराठीत बोलताना त्याला 'आजीचं श्राद्ध' म्हणायचो. आता लिहितानासुद्धा लाज वाटते. शेवटच्या दिवशी त्यांनी मला स्वतःची वही दिली, निळ्या पुठ्ठ्याची, जॉब का पडतात आणि काय करायचं याची. माझं लिखाण कच्चं आहे असं त्यांचं मत होतं. खरं होतं ते.

त्यामुळे २०१५ च्या जूनमध्ये डिस्नेची बातमी आली तेव्हा मी ती वेगळ्या डोळ्यांनी वाचली. ऑरलँडोला डिस्नेने अडीचशेच्या आसपास तंत्रज्ञांना काढलं. काम आउटसोर्सिंग कंपन्यांनी एच-वन-बीवर आणलेल्या माणसांकडे गेलं आणि जाणाऱ्यांना येणाऱ्यांना शिकवून जावं लागलं. पुढच्या फेब्रुवारीत त्यातला एक जण सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना रडला. ट्रकमध्ये आम्ही दोघं गप्प. मी डब्याचं झाकण लावलं.

याला कायद्यात अडकाव नव्हता का? होता, आणि त्यातच गंमत आहे. १९९८ साली नियम झाला की ज्या कंपन्यांत एच-वन-बीवाल्यांचं प्रमाण फार जास्त आहे त्यांनी हमी द्यायची की अमेरिकन माणसाला काढून त्या जागी आम्ही हा माणूस बसवत नाही. पण या माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर किंवा त्यावर पगार असेल तर हमीची गरज नाही. १९९८ साली साठ हजार म्हणजे बऱ्यापैकी रक्कम होती. पुढे महागाई कुठल्या कुठे गेली, तो आकडा मात्र तिथेच बसून राहिला. मग काय, साठ हजारांच्या चार बोटं वर पगार ठेवला की झालं. हा भोक असलेला माठ उजव्या लेखकांनी वर्षानुवर्षं दाखवला, आणि ते बरोबर होते. फक्त उजवेच नाही. २०२५ च्या जानेवारीत बर्नी सँडर्स हेच सांगत होता की हा व्हिसा हुशार माणसं आणायला नाही तर स्वस्त माणसं आणायला वापरतात. आणि खुल्या बाजाराचा महर्षी मिल्टन फ्रीडमन, त्याने २००२ मध्येच एच-वन-बीला कंपन्यांना मिळणारी सबसिडी म्हटलं होतं. २०२३ च्या लॉटरीत तर जेमतेम ८५,००० जागांसाठी साडेसात लाखांच्या वर अर्ज पडले, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अर्जांमागे असे उमेदवार होते ज्यांच्या नावाने एकापेक्षा जास्त चिठ्ठ्या टाकलेल्या. त्या कुणी टाकल्या ते हैदराबादपासून हिंजवडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

तर हे पहिलं म्हणणं. पगाराचं, पोटाचं, हिशोबाचं. त्याला उत्तर देता येतं, भांडता येतं, नियम बदलता येतो. २०२५ च्या डिसेंबरात सरकारने बदललाही. साधी लॉटरी काढून टाकली आणि पगाराच्या पातळीनुसार चिठ्ठ्या ठेवल्या. वरच्या पातळीवाल्याच्या चार, खालच्याची एक. मला विचाराल तर हे पंधरा वर्षं आधी व्हायला हवं होतं. अशी चिठ्ठी २००६ साली असती तर मी पुण्यातच राहिलो असतो आणि त्या बाई कदाचित त्यांच्या खुर्चीवर. हे लिहिणं सोपं नाहीये, पण आहे ते आहे.

मग २०२४ चा नाताळ आला.

ट्रम्प निवडून आलेला, अजून शपथ व्हायची होती. त्याने श्रीराम कृष्णन या चेन्नईत जन्मलेल्या तंत्रज्ञाला कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा सल्लागार नेमलं आणि उजव्यांच्या घरात भांडी पडली. लॉरा लूमरने सुरुवात केली. स्टीव्ह बॅनन म्हणाला हा व्हिसाच मुळात घोटाळा आहे. इलॉन मस्क व्हिसाच्या बाजूने शिव्या देत मैदानात, आणि दोन दिवसांत, नाही नाही, यात सुधारणा हवी म्हणून अर्धा मागे. २६ डिसेंबरला विवेक रामस्वामीने भलंमोठं टिपण टाकलं की कंपन्या परदेशी जन्माचे इंजिनिअर घेतात कारण अमेरिकन संस्कृती सामान्यपणाचे लाड करते. गणिताच्या ऑलिंपियाडवाल्यापेक्षा प्रॉम क्वीनचं कौतुक. शनिवारची कार्टून कमी करा, मॉलमध्ये भटकणं कमी करा, शिकवण्या वाढवा.

हे वाचून मी हसलो आणि मग कपाळावर हात मारला. अरे बाबा, हे आपल्या आयांचं भाषण आहे! ते घरात करायचं असतं. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या नातवंडांबद्दल, नाताळच्या दुसऱ्या दिवशी नाही करायचं. निकी हेलीने लगेच सुनावलं की अमेरिकन कामगारात किंवा संस्कृतीत काही वाईट नाही. आबा त्या आठवड्यात सुट्टीवर होते याबद्दल मी देवाचे आभार मानले. स्वतः ट्रम्प 'न्यूयॉर्क पोस्ट'ला म्हणाला की मला हे व्हिसा नेहमीच आवडत आलेत, माझ्या हॉटेलांत पुष्कळ आहेत. (त्याच्या हॉटेलांत येणारे मुख्यतः एच-टू-बीवाले, म्हणजे मोसमी वेटर आणि खोल्या आवरणारे. असो.)

पण मला त्या भांडणात दिसलं ते निराळंच. लोक पगाराबद्दल बोलतच नव्हते. २०२४ च्या मे महिन्यात ॲन कोल्टर रामस्वामीच्याच पॉडकास्टवर त्याच्या तोंडावर म्हणाली होती की तुझं मला बाकीच्या उमेदवारांपेक्षा जास्त पटतं, तरी मी तुला मत दिलं नसतं, कारण तू इंडियन आहेस. हा माणूस सिनसिनाटीला जन्मलेला. रांगेचा प्रश्नच नाही, तो तर खिडकीच्या आतल्या बाजूला जन्मला! तेव्हा मी ते एका बाईचा आचरटपणा म्हणून सोडून दिलं होतं. डिसेंबरात तेच वाक्य हजार तोंडांनी ऐकू आलं.

हे दुसरं म्हणणं. त्याचं सगळ्यात सभ्य, आणि खरं तर सुंदर रूप मी जे. डी. व्हान्सकडून ऐकलं होतं. १७ जुलै २०२४, मिलवॉकीचं अधिवेशन. तो म्हणाला की अमेरिका ही नुसती कल्पना नाही, ती सामाईक इतिहास असलेल्या माणसांचा समूह आहे, मातृभूमी आहे. पूर्व केंटकीतल्या डोंगरावर त्याच्या घराण्याची दफनभूमी आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिथे पुरलेल्या आहेत, आणि त्याचीही जागा तिथेच आहे. शेजारी त्याची बायको उषा, जिचे आईवडील आंध्रातून आलेले. लग्नाची मागणी घालताना तो तिला म्हणाला होता म्हणे, माझ्याकडे कायद्याच्या शिक्षणाचं कर्ज आहे आणि डोंगरावरची ही जागा आहे.

मला भाषण आवडलं. आपल्यालाही गाव, कुलदैवत, घराचा उंबरा हे कळतं. कल्पनेसाठी कुणी मरत नाही, घरासाठी मरतात, हे त्याचं म्हणणंही कळतं. पण टीव्ही बंद केल्यावर मी हिशोब करायला लागलो. माझ्या आजोबांची रक्षा नाशिकला गोदावरीत गेली. आम्हाला इथेच काय, तिथेसुद्धा दाखवायला एक दगड नाही. माझी मुलगी इथे जन्मली, तिला स्टार-स्पँगल्ड बॅनर पाठ आहे, मला नाही. तिने किती पिढ्या थांबायचं? पगाराच्या प्रश्नाला पातळी एक, पातळी चार असं काहीतरी आहे. याला फॉर्मच नाही.

२०२५ च्या जुलैत व्हान्स अजून पुढे गेला. ज्यांचे पूर्वज यादवी युद्धात लढले त्यांचा अमेरिकेवर जास्त हक्क, अशा अर्थाचं बोलला. डिसेंबरात रामस्वामीने जाहीर सभेत त्याच्या उलट सांगितलं, एक अमेरिकन दुसऱ्यापेक्षा जास्त अमेरिकन नसतो. तोपर्यंत त्याने ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केलेली होती. माझं मत इथे रामस्वामीच्या बाजूला. प्रॉम क्वीनच्या बाबतीत नाही.

मधल्या काळात १९ सप्टेंबर २०२५ होऊन गेला. शुक्रवार दुपार. ट्रम्पने सही केली, नव्या एच-वन-बीला एक लाख डॉलर, अंमल रविवारी रात्री बारा वाजून एक मिनिटापासून. वाणिज्यमंत्री म्हणाला दरवर्षी. कंपन्यांच्या वकिलांनी मेल पाठवले, जे बाहेर आहेत त्यांनी मुदतीच्या आत परत या. माझा एक मित्र तेव्हा कोथरूडला. वडील जाऊन वर्ष होत आलेलं, रविवारी सर्वपित्री अमावस्या, त्यांच्या नावाचं पहिलं पान. तिथे शनिवारची पहाट. ब्राह्मण सांगितलेले, डाळ भिजत घालायची बाकी. हा टॅक्सी करून मुंबईला आणि मिळेल त्या विमानात. मधल्या विमानतळावर फोन चालू केला तर खुलासा आलेला. दरवर्षी नाही, एकदाच. जुन्यांना नाही, फक्त नव्यांना. पान धाकट्या भावाने वाढलं.

त्या रविवारी मी बाबांना फोन केला. बाबा त्र्याऐंशीचे, डोंबिवलीलाच असतात. मराठी बातम्या पाहून त्यांना सगळं ठाऊक होतं.

"त्यांचंही बरोबर आहे रे," बाबा म्हणाले. "आपल्या पोरांना आधी नको का?"

आता हे सांगायला हवं. बाबा १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी पार्कावर होते, शिवसेनेच्या पहिल्या मेळाव्याला. वय चोवीस, मॅट्रिक, टायपिंगची परीक्षा पास, आणि हातात नोकरी नाही. तेव्हा 'मार्मिक'मध्ये कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायच्या. नुसती नावं, बहुतेक दाक्षिणात्य. वर लिहिलेलं असायचं, 'वाचा आणि थंड बसा'. बाबा त्या याद्या कापून ठेवायचे. माझ्या लहानपणीही एक पिवळं कात्रण ट्रंकेत होतं. आता जगाचा विनोद बघा, ज्याला मी इथे आपला म्हणून टीव्हीवर बघतो त्या रामस्वामीच्या आईवडिलांना बाबा तेव्हा सरळ 'मद्रासी' म्हणाले असते आणि यादीत शोधलं असतं.

मी विचारलं, "बाबा, त्या यादीतल्या लोकांच्या मुलांचं काय? जी मुंबईत जन्मली?"

"ती काय, इथलीच झाली."

"कधी झाली?"

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिकडे बर्फ कधी सुरू होतो?"

तर या सगळ्यानंतर नोव्हेंबरातला तो सोमवार आणि तो कागद. माझी यादी, एकाच ओळीची, मायक्रोवेव्हशेजारी. त्याच आठवड्यात फॉक्सवर लॉरा इंग्रॅहम ट्रम्पला म्हणाली की आपल्याकडे हुशार माणसं भरपूर आहेत, आणि ट्रम्प म्हणाला, नाहीत. ज्याने एक लाखाची फी लावली तोच! उजव्या रेडिओवर दोन दिवस रडारड. मार्जोरी टेलर ग्रीनने हा व्हिसाच बंद करायचं विधेयक आणते म्हणून जाहीर केलं.

बुधवारी आबांनी ट्रकची काच वाजवून मला बोलावलं. लिंबॉ २०२१ च्या फेब्रुवारीत गेला. त्या दिवशी आम्ही सगळे घरून काम करत होतो आणि आबांनी चॅटवर फक्त लिहिलं होतं, आज जेवायला दीड तास लागेल. त्यानंतर ट्रकमध्ये जेवणं कमीच झालेलं. बसलो. रेडिओ बंद.

"चार हजारांचं मनात ठेवू नकोस," ते म्हणाले. "मी मॅनेजरशी बोललो. माझी चूक, मी सहा वर्षं मागितलंच नाही." मग म्हणाले, "तुला माहीत आहे ना, २००३ साली मी माझ्या जागी येणाऱ्या दोघांना शिकवून बाहेर पडलो. शिकवलं नाही तर सेव्हरन्स नाही. चांगली पोरं होती. एक तर रोज मला सर म्हणायचा."

हे मला अर्धंमुर्ध माहीत होतं. बारा वर्षांत मी कधी पुढचं विचारलं नव्हतं, का ते तुम्हाला कळलंच असेल. डबा उघडला नव्हता. मी म्हटलं, "२००७ साली मी त्या पोरांपैकी एक होतो. दुसऱ्या कंपनीत. पण तेच." आणि विमा कंपनी, रात्रीचे जॉब, गाजराचे तुकडे, सगळं सांगितलं. 'आजीचं श्राद्ध' नाही सांगितलं. तेवढी हिंमत झाली नाही.

आबा समोर पार्किंगमधल्या झाडाकडे बघत राहिले. "मला वाटलंच होतं," म्हणाले. "त्या वर्षांत तुम्ही सगळे त्याच दाराने आलात."

"राग नाही आला?"

"आला होता. पण तुझा कसा धरणार, तू तेव्हा वही घेऊन बसलेलं पोरगं. ज्यांनी सही केली त्यांचा आला. अजून आहे." मग एकदम, "ती वही ठेवलीस?"

ठेवली होती. बेसमेंटमध्ये, मुलीच्या जुन्या खेळण्यांखाली. गुरुवारी नेली. आबांनी चष्मा खाली ओढला आणि सूप बाजूला ठेवून पान पान वाचली, मधूनमधून मान हलवत, आपल्याकडे जाणकार माणूस तबल्याला दाद देतो तशी. जेसीएल मला आता विसरायला झालंय, त्यांना नाही. मध्येच थांबले.

"बाई पक्की होती," म्हणाले. "पण हा रिस्टार्ट चुकलाय. इथून सुरू केला तर एक फाइल दोनदा पोस्ट होईल."

मी वाकून बघितलं. डिसेंबरअखेरचा जॉब. २००७ च्या डिसेंबरात मी एकदा पहाटे तीनला हाच रिस्टार्ट वहीत लिहिल्याप्रमाणे मारला होता आणि काही हजार लोकांना प्रीमियमची दोन दोन बिलं गेली होती. तेव्हा शिव्या मी खाल्ल्या, आणि आजवर समजत होतो की मीच काहीतरी घोळ घातला.

आबांनी खिशातून पेन्सिल काढली, स्टेपचं नाव खोडलं, वर बारीक अक्षरात बरोबर नाव लिहिलं, आणि वही मला परत दिली.